सारथ्याचा धर्म

एका मनुष्यास दुसऱ्या मनुष्याचें कल्याण करतां येतें काय, आणि येत असल्यास तें कोणत्या मर्यादेपर्यंत, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. अन्न, वस्त्र, औषध, द्रव्य यांचें साहाय्य करणें नेहमींच सोपें नसलें, तरी त्याचें स्वरूप स्पष्ट आहे. देणारा देतो, घेणारा घेतो, आणि दिलेली वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते. परंतु धैर्य, विवेक, आत्मविश्वास, आपल्या आयुष्याची दिशा आपण ठरविण्याची शक्ति, या गोष्टी अशा हातांतून हातांत जात नाहींत. त्या ज्याच्या त्याच्या ठिकाणींच उगवाव्या लागतात. असें असतां एक मनुष्य दुसऱ्यास 'वाढवितो' असें जें आपण म्हणतों, त्याचा नेमका अर्थ काय? गुरु, आईबाप, वडील भाऊ, मित्र या सर्वांच्या संबंधांत हा प्रश्न आजवर गुप्तपणें वावरत आला आहे. अलीकडे एका नव्या धंद्यानें तो उघड्यावर आणला, म्हणून त्या धंद्याच्या निमित्तानें त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा धंदा करणारास 'लाइफ कोच' असें म्हणतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्याचें नांव आतां सुशिक्षित कुटुंबांच्या कानांवरून गेलेलें आहे, आणि मोठमोठ्या कंपन्या आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीं असे कोच नेमीत असतात. या गृहस्थाकडे जाणारा मनुष्य रोगी नसतो, म्हणून तो वैद्याकडे जात नाहीं. त्याचा कांहीं कज्जा नसतो, म्हणून तो वकिलाकडे जात नाहीं. त्यास एखादी विद्या शिकावयाची नसते, म्हणून तो शिक्षकाकडेहि जात नाहीं. नोकरी धरून राहावें कीं सोडावी, घरांत आपलें म्हणणें मांडावें कीं गिळावें, पन्नाशीनंतरचें आयुष्य कशांत घालवावें, अशा एखाद्या वळणावर त्याचें चित्त अडलेलें असतें. कोच त्याच्यासमोर तासभर बसतो, त्याचें बोलणें ऐकतो, त्यास प्रश्न विचारतो, आणि आपली फी घेतो. नवल एवढेंच, कीं या धंद्याच्या शास्त्राप्रमाणें त्यानें सल्ला द्यावयाचा नसतो. पैसे घेऊन सल्ला देणारे लोक जगांत पुष्कळ झाले. पैसे घेऊन सल्ला न देणारा हा बहुधा पहिलाच.

'कोच' या शब्दाचा प्रवास मनोरंजक आहे. हंगेरी देशांत याच नांवाचें एक खेडें आहे. तेथें तयार होणाऱ्या गाड्यांची कीर्ति युरोपभर पसरली, आणि गांवाचें नांव गाडीस मिळालें. आमच्याकडील जुन्या पिढीस ठाऊक असलेला 'कोचमन' तो याच गाडीचा हांकणारा. पुढें १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं थट्टेनें हा शब्द खासगी शिकवणी घेणाऱ्या पंतोजीस लाविला. कारण अभ्यासांत मागें पडलेल्या विद्यार्थ्यास तो जणूं गाडींत घालून परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडी. तेथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला, आणि मैदानावरून विसाव्या शतकाच्या अखेरीस मनुष्याच्या खासगी आयुष्यांत शिरला. आमच्या देशांत मात्र 'कोचिंग' म्हटलें म्हणजे अजून राजस्थानांतील कोटा शहराचीच आठवण होते. अभियांत्रिकीच्या आणि वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षांसाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलें तेथें येऊन राहतात. तेथें प्रश्न दुसऱ्याचे, उत्तरें दुसऱ्याचीं, आणि पुष्कळदां महत्त्वाकांक्षाहि दुसऱ्याचीच. एकाच शब्दाच्या पोटांत अशा रीतीनें दोन परस्परविरुद्ध अर्थ नांदत आहेत: एका अर्थीं कोच म्हणजे सर्व उत्तरें जाणणारा, आणि दुसऱ्या अर्थीं एकहि उत्तर न देणारा.

या दुसऱ्या अर्थाचा एक उगम टेनिसच्या मैदानावर सांपडतो. टिमथी गॅल्वे नांवाचा अमेरिकन शिक्षक १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत कॅलिफोर्नियांत टेनिस शिकवीत असे. त्यास असें आढळून आलें, कीं आपण सूचना जितक्या अधिक देतों तितका शिकणाऱ्याचा हात अधिक आखडतो. उलट आपण गप्प राहिलों तर कित्येक दोष आपोआप नाहींसे होतात. मनगट असें धर, खांदा तसा फिरव, या आज्ञा शिकणाऱ्याच्या मनांत शिरून तेथें एक दुसराच शिक्षक होऊन बसतात, आणि तो आंतला शिक्षक त्यास क्षणभरहि स्वस्थपणें खेळूं देत नाहीं. यावर गॅल्वेनें एक साधा उपाय काढला. चेंडू जमिनीवर आपटतांच एक शब्द उच्चारावा, रॅकेटीस लागतांच दुसरा उच्चारावा, आणि बाकी कशाची चिंता करूं नये. या उच्चारांत मन गुंतलें म्हणजे आंतली बडबड थांबते, दृष्टि चेंडूवर स्थिर होते, आणि शरीर आपलें काम आपण करूं लागतें. १९७४ सालीं 'दि इनर गेम ऑफ टेनिस' हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जाळीपलीकडे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याहून आपल्याच मस्तकांत बसलेला प्रतिस्पर्धी अधिक प्रबळ, हें त्या ग्रंथाचें सार होय. ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेंत मातापितरांबरोबर एका भारतीय गुरूचेंहि नांव आहे. ज्या संप्रदायानें पुढें गुरुपणाचा त्याग केला, त्याच्या जन्मपत्रिकेंत अशा प्रकारें गुरु बसलेला आहे!

दुसरा उगम मानसोपचाराच्या क्षेत्रांतला आहे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९४२ च्या सुमारास आपल्याकडे येणारास 'रोगी' म्हणण्याचें सोडून 'क्लायंट' म्हणण्याचा प्रघात पाडला. शब्दांतला हा फरक क्षुल्लक नव्हे. रोगी वैद्याच्या स्वाधीन झालेला असतो. अशिलानें मात्र वकिलास नेमिलेलें असतें. रॉजर्सच्या लहानपणचा कांहीं काळ शेतावर गेला होता, आणि तळघरांत हिवाळ्यासाठीं सांठविलेल्या बटाट्यांची एक आठवण त्यानें १९८० सालच्या आपल्या एका ग्रंथांत सांगितली आहे. लहानशा झरोक्यांतून येणाऱ्या अंधुक उजेडाकडे त्या बटाट्यांचे फिकट, दुर्बळ कोंब दोनदोन तीनतीन फूट वाढत जात. त्यांचें झाड कधीं व्हावयाचें नव्हतें. तरी त्या अवस्थेंतहि ते प्रकाशाकडेच वळत. मनुष्यहि असाच वाढूं पाहणारा प्राणी आहे, आणि अत्यंत विपरीत स्थितींतल्या मनुष्याच्या ठिकाणींहि ही ओढ शिल्लक असते, असा रॉजर्सचा विश्वास होता. तेव्हां साहाय्य करणारानें कोंब ओढूं नये. झरोका मोठा करावा.

हे दोन प्रवाह पुढें एकत्र आले. जॉन व्हिटमोर या इंग्रज गृहस्थानें, जो पूर्वीं मोटारींच्या शर्यतींत नांवाजलेला होता, गॅल्वेची दृष्टि उद्योगधंद्यांच्या जगांत नेली. त्याच्या १९९२ सालच्या ग्रंथानें चार पायऱ्यांची एक रीत सर्वत्र रूढ केली: तुम्हांस काय साधावयाचें आहे, आज वस्तुस्थिति काय आहे, कोणकोणते मार्ग मोकळे आहेत, आणि त्यांपैकीं कोणता तुम्ही खरोखर धरणार. या पायऱ्यांच्या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें जुळविलीं म्हणजे 'वाढणें' या अर्थाचा इंग्रजी शब्द तयार होतो. १९९५ सालीं टॉमस लेनर्ड याच्या पुढाकारानें अमेरिकेंत या धंद्याची एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि तिनें आपल्या सभासदांसाठीं नीतिनियम घालून दिले. या सर्व मंडळींचें मूळ सूत्र एकच आहे: येणाऱ्या मनुष्यांत कांहीं उणें नाहीं, त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याचपाशीं आहे, आणि कोचनें तें उत्तर त्याच्याकडून बाहेर येईल एवढेंच पाहावें.

या मतांत सत्याचा फार मोठा अंश आहे, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. महाविद्यालयांत अध्यापन करणारास तर याची साक्ष दररोज पटते. "सर, मी काय करूं?" असें विचारीत विद्यार्थी येतो. बाप त्यास एका वाटेनें ढकलीत असतो, मित्र दुसऱ्या वाटेनें ओढीत असतात, आणि त्यास कोणा तिसऱ्याच्या वजनाची गरज असते. आपण तात्काळ उत्तर दिलें तर दोघांसहि बरें वाटतें; त्याच्या डोक्यावरचा भार उतरतो, आणि आपलें शहाणपण कारणीं लागतें. परंतु या व्यवहारांत विद्यार्थ्याचें काय वाढलें? त्याच्या संग्रहीं एक उत्तर जमा झालें. उत्तर काढण्याची शक्ति होती तेथेंच राहिली. शिवाय उसन्या निर्णयांत एक मोठें वैगुण्य असतें. पहिली अडचण येतांच तो ज्याचा होता त्याच्या नांवावर परत जातो. स्वतः केलेली निवड चुकली तरी कांहीं शिकवून जाते. दुसऱ्यानें करून दिलेली निवड चुकली म्हणजे दूषण देण्यास एक मनुष्य तेवढा मिळतो.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. आमच्या घरांतून बोलणें विपुल असतें, ऐकणें मात्र फार थोडें. समोरचा मनुष्य बोलत असतां आपण बहुधा त्यास द्यावयाचें उत्तर जुळवीत असतों. अर्धें वाक्य होतें न होतें तोंच "अरे, आमच्या वेळीं..." अशी सुरुवात होते, आणि बोलणारा आपलें उरलेलें अर्धें वाक्य परत पोटांत घालतो. आपलें म्हणणें कोणी शेवटपर्यंत ऐकून घेत आहे, मध्यें न तोडतां, त्याचा निवाडा न करतां, एवढ्या अनुभवानेंच कित्येकांस आपल्या मनाचा तळ दिसूं लागतो. यासाठीं लोकांस पैसे मोजावे लागतात, यांत कोचचा दोष आम्हांस दिसत नाहीं. तो आमच्या घरांचा व मैत्रीचा दोष आहे.

तथापि येथें एक जुना आक्षेप उभा राहतो. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८४ सालीं लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधांत, मनुष्य आपलें बाल्य आपण होऊनच कसें लांबवितो याचें मार्मिक वर्णन केलें आहे. समजून घेण्याचें काम पुस्तकाकडे सोपवावें, सदसद्विवेक धर्मोपदेशकाकडे, आणि पथ्यपाण्याचा विचार वैद्याकडे. पैसे टाकण्याची ऐपत असली म्हणजे विचार करण्याचे कष्ट घ्यावेत कशास! आज कांट असता तर त्यानें या यादींत कोचचें नांव घातलें असतें काय? कोच म्हणेल, कीं मी कोणाच्याऐवजीं विचार करीत नाहीं, ज्याचा त्यास करावयास लावतों. हें उत्तर बऱ्याच अंशीं खरें आहे. पण परावलंबन उत्तरांचेंच असतें असें नाहीं, तें प्रश्नांचेंहि असूं शकतें. दर पंधरवड्यास कोणी तरी विचारल्यावांचून ज्यास आपल्या मनाचा ठाव घेतां येत नाहीं, त्याचे पांगुळगाडे फक्त बदलले. म्हणून या विद्येची खरी कसोटी ही, कीं कांहीं काळानें येणारा मनुष्य ते प्रश्न स्वतःस विचारूं लागला पाहिजे, आणि साहाय्य करणारा अनावश्यक झाला पाहिजे. जो आपल्या अनावश्यक होण्याची मनापासून इच्छा करीत नाहीं, त्यानें दुसऱ्यास वाढविण्याच्या भरीस पडूं नये.

आतां आमच्या मनांतल्या खऱ्या शंका सांगतों. पहिली शंका ही, कीं नुसता प्रश्न पुरेसा आहे काय? या बाबतींत सॉक्रेटीसचा दाखला वारंवार देण्यांत येतो. त्याची आई सुईण होती, आणि आपणहि विचारांच्या जन्मास साहाय्य करणारी सुईण आहों, असें प्लेटोच्या 'थिईटीटस' या संवादांत तो म्हणतो. परंतु दाखला देणारे त्या उपमेचा उत्तरार्ध विसरतात. जन्मास आलेलें अपत्य खरें आहे कीं नुसता वारा आहे, याची परीक्षा करणें हा सॉक्रेटीस आपल्या कलेचा सर्वांत मोठा भाग मानीत असे. आणि तें पोकळ ठरल्यास टाकून देण्यास तो मागेंपुढें पाहत नसे, मग मातेस कितीहि राग येवो. त्याचे प्रश्न कसोटीचे दगड होते. उलट "तुम्हांस काय हवें आहे?" या प्रश्नावर जो थांबतो, तो मनुष्यास जें हवें असतें तेंच त्याचें हित, असें न बोलतां गृहीत धरतो. पण हवेंपणाचें मूळ कित्येकदां शेजाऱ्याच्या मोटारींत असतें, भावाच्या पगारांत असतें, किंवा बापाच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेंत असतें. त्या इच्छेची परीक्षा न करतां तिच्या सिद्धीच्या पायऱ्या आंखून देणें, म्हणजे तिकीट कोणत्या गांवचें हें न पाहतां प्रवाशास गाडींत बसवून देणें होय.

दुसरी शंका त्या मस्तकांतील प्रतिस्पर्ध्याविषयीं. टेनिसच्या मैदानावर जाळीची उंची दोघांस सारखी, रेषा सारख्या, चेंडूहि तोच. म्हणून तेथें राहिलेला अडथळा मनाचा, असें म्हणतां येतें. आयुष्याचें मैदान असें समतल नाहीं. १९८२ सालीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप झाला, सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले, आणि पुष्कळांस त्यानंतर गिरणीचें दार पुन्हां उघडलें नाहीं. अशा कामगारास समोर बसवून "तुमचा अडथळा तुमच्या मनांत आहे" असें सांगणें हें अज्ञान तर खरेंच, पण तें क्रौर्यहि आहे. रॉजर्सच्या बटाट्यांचे कोंब फिकट होते, यांत कोंबांचा अपराध नव्हता. तळघर अंधारें होतें. 'सर्व कांहीं तुमच्या आंत आहे' हें वाक्य धीर देणारें आहे. परंतु ज्यास बाहेरून न्याय मिळावयास हवा त्यास तें ऐकविलें, म्हणजे तेंच दोषारोप होऊन बसतें. त्याचप्रमाणें ज्याचें मन खरोखर आजारी आहे त्यास मैदानावरच्या गोष्टी सांगत बसणें हाहि अपराधच. त्यास वैद्याकडे पोंचविलें पाहिजे.

तिसरी शंका पैशाची. फी घेणें हें लाजिरवाणें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वैद्य घेतो, वकील घेतो, आम्हीहि पगार घेतों. परंतु वैद्यास व वकिलास कायद्याची सनद लागते, व ती रद्दहि होऊं शकते. कोच म्हणविण्यास आमच्या देशांत तशी कोणतीहि सनद लागत नाहीं. शिवाय ज्याचें उत्पन्न दुसऱ्याच्या येत राहण्यावर अवलंबून, त्यास त्या दुसऱ्याच्या स्वावलंबनाची घाई असणें कठीण. आणि जेथें कंपनी पैसे देते व अधिकारी बोलतो, तेथें तर दोन धनी झाले. त्या अधिकाऱ्याची खरी वाढ ती नोकरी सोडण्यांतच असली, तर कोच कोणाचें मीठ स्मरेल? संस्थांनीं घालून दिलेल्या नियमांत गुप्ततेची व प्रामाणिकपणाची कलमें आहेत, हें आम्ही जाणतों. परंतु कलमांनीं मोह दिसतो, जिंकला जात नाहीं.

या शंकांचें निरसन करण्यासाठीं आम्हांस 'कोच' या शब्दाच्या मूळ अर्थाकडे परत जावेंसें वाटतें. कोच म्हणजे गाडी. आणि गाडी हांकणाराचा सर्वश्रेष्ठ आदर्श आमच्या परंपरेंत कुरुक्षेत्रावर उभा आहे. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यें नेऊन उभा कर, असें अर्जुनानें सांगितलें आणि सारथ्यानें तो तेथें नेला. कोठें जावयाचें हें रथी सांगतो, हा सारथ्याचा पहिला नियम श्रीकृष्णानें पाळला. नंतर अर्जुन बोलूं लागला. आणि भगवद्गीतेच्या साऱ्या पहिल्या अध्यायांत श्रीकृष्ण जवळजवळ मौन धरून आहे. ऐकण्याचा नियमहि त्यानें पाळला. पण तो तेथें थांबला नाहीं. दुसऱ्या अध्यायापासून त्यानें खडसावलें, कारणें दिलीं, अर्जुनाच्या प्रत्येक शंकेस उत्तर दिलें, एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनीं पाहावयास लाविलें, आणि आपलें मत कोठेंहि झांकून ठेविलें नाहीं. एवढें सर्व झाल्यावर अठराव्या अध्यायांत, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसें कर, असें सांगून त्यानें निर्णय अर्जुनाच्या हातीं ठेविला. याहून लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं असें स्वातंत्र्य दिल्यानंतरहि, तूं मला प्रिय आहेस म्हणून पुन्हां एकदां सांगतों, असें म्हणून त्यानें आपल्या अंतःकरणांतली गोष्ट बोलून दाखविली. स्वातंत्र्य देणें आणि मनांतलें सांगणें या दोहोंत त्यास कोणताहि विरोध दिसला नाहीं.

त्याच युद्धांत दुसरा एक सारथि आहे. शल्य कर्णाच्या रथावर बसला, तो आपण वाटेल तें बोलूं अशी अट घालून. आणि कर्णाचा तेजोभंग करण्याचें वचन त्यानें आधींच युधिष्ठिरास दिलेलें होतें. रथ हांकण्यांत तो कुशल होता. कर्णास तो जें बोलला त्यांतलें कांहीं खरेंहि होतें. पण त्याचें हित दुसऱ्या बाजूस गुंतलेलें होतें, आणि तें त्यानें सांगितलें नाहीं. हे दोन सारथि शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे आमच्या प्रश्नाचा उलगडा होतो. साहाय्य करणारा बोलला कीं गप्प राहिला, यावर फारसें अवलंबून नाहीं. तो कोणाच्या हितासाठीं बसला आहे, आपलें मन त्यानें उघड ठेविलें आहे काय, आणि शेवटचा निर्णय त्यानें कोणाच्या हातीं ठेविला, या तीन गोष्टींवर सर्व अवलंबून आहे. मत लादणें हा जसा अपराध, तसें मत लपविणें हाहि एक सूक्ष्म अपराधच होय. रॉजर्सनेंहि साहाय्यकर्त्याच्या गुणांत सहानुभूतीच्या जोडीस निष्कपटपणा सांगितला होता, मुखवटा घालून बसूं नये असा त्याचा आग्रह होता. त्याच्या मागून आलेल्यांपैकीं पुष्कळांनीं त्याचें मौन तेवढें उचललें.

मैदानावरचेंच उदाहरण हवें असेल तर तें मुंबईच्या शिवाजी पार्कावर आहे. रमाकांत आचरेकर हे सचिन तेंडुलकराचे गुरु. दिवसभराच्या सरावानें मुलगा थकला म्हणजे ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज त्यास बाद करील त्याचें तें नाणें. कोणीच बाद करूं शकला नाहीं तर तें सचिनचें. तशीं तेरा नाणीं तेंडुलकरानें जपून ठेविलेलीं आहेत. पुढें नोव्हेंबर २०१३ मध्यें वानखेडे मैदानावर निरोपाचें भाषण करतांना, सरांनीं आपणांस 'चांगला खेळलास' असें कधींहि म्हटलें नाहीं, असें त्यानें सांगितलें. येथें उपदेश थोडा, स्तुति तर नाहींच. परंतु थकलेल्या मुलास शेवटच्या घटकेस सावध राहावयास लावणारी परिस्थिति गुरूनें मुद्दाम रचलेली होती. सर्व कांहीं तुझ्या आंत आहे असें नुसतें सांगून तें बाहेर येत नाहीं. बाहेर एखादें नाणें मांडावें लागतें, आणि तें मांडणाऱ्यास काय मोलाचें आहे याविषयीं स्वतःचें मत असावें लागतें.

हा सर्व विचार कोचांपुरताच असता, तर त्यासाठीं वाचकांचा इतका वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु प्रत्येक सुशिक्षित घरांत कोणी ना कोणी सारथ्याच्या जागेवर बसलेला असतो. आमच्या मध्यम वर्गांत आईबापांचे दोन प्रकार ठळकपणें दिसतात. पहिल्या प्रकारचे, मुलगा दहावींत गेला कीं त्याच्या आयुष्याचा नकाशा आंखून मोकळे होतात. लगाम त्यांच्या हातीं, रथहि त्यांचा, आणि जावयाचें गांवहि त्यांचेंच. मुलगा रथांत सामानासारखा ठेविलेला. कोट्यासारख्या शहरांतून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या ज्या वार्ता गेल्या कांहीं वर्षांत वारंवार आल्या, त्यांचीं कारणें अनेक असतील. पण आपणांस काय हवें हें ज्यास कोणी कधीं विचारलेंच नाहीं, अशा मुलाचा एकाकीपणा त्यांत नसेल असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. दुसऱ्या प्रकारचे आईबाप स्वतःस नव्या मताचे समजतात. "तुला आवडेल तें कर" असें म्हणून ते वर्तमानपत्रांत डोकें घालतात, आणि आपण मुलास स्वातंत्र्य दिलें असें मानतात. वस्तुतः त्यांनीं त्यास एकटें सोडलेलें असतें. सोळा वर्षांच्या मुलास आईबापांच्या अनुभवाचा लाभ न देणें यांत उदारपणा थोडा आणि आळस फार असतो.

या दोहोंहून कठीण असा तिसरा मार्ग आहे. मुलाचें बोलणें शेवटपर्यंत ऐकावें. त्याची इच्छा त्याची स्वतःची आहे कीं कोणाची उसनी, हें त्यासच तपासून पाहावयास लावावें. आपलें मत, त्याचीं कारणें, आणि त्यांत मिसळलेली आपली भीति व आपली हौस, हीं सर्व त्याच्यापुढें प्रामाणिकपणें मांडावीं. कारण भीति लपवून दिलेला सल्ला हा सल्ला नसून लगाम असतो. वाटेंतला जो अडथळा मुलाच्या मनाबाहेरचा आहे, पैशाचा, संधीचा किंवा अन्यायाचा, तो दूर करण्यास आपण हात लावावा. आणि एवढें झाल्यावर निवड त्याच्या हातीं सोडावी. ती आपल्या मताविरुद्ध झाली, तरी रथावरून खालीं उतरूं नये. या शेवटच्या कलमांतच खरी परीक्षा आहे. आपलें ऐकलें नाहीं म्हणून जो रुसला, त्यानें निवड कधींच दिलेली नव्हती. आणि पैसे घेऊन बसणारा कोच जेथें थांबतो तेथून आईबाप, गुरु आणि मित्र यांचें काम सुरू होतें. तासाची घंटा झाली म्हणजे कोच उठून जाऊं शकतो. चुकलेल्या निवडीचें दुःख ज्याचें त्याच्या शेजारीं बसून सोसण्याचा अधिकार मात्र यांनाच असतो.

तेव्हां दुसऱ्यास वाढवितां येतें काय, या प्रश्नाचें आमचें उत्तर असें: वाढवितां येत नाहीं, पण त्याच्या वाढीशीं आपला संबंध नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. वाढ त्याची, निवड त्याची, फळहि त्याचें. सत्य सांगण्याचें, उजेडाची वाट मोकळी करण्याचें, आणि अखेरपर्यंत सोबत राहण्याचें ऋण तेवढें आपलें. नव्या धंद्यानें यांतला पहिला अर्धा भाग नव्यानें शिकविला, याबद्दल त्याचे आभार मानावे; उरलेला अर्धा भाग फी देऊन मिळणारा नाहीं, तो ज्याचा त्यानेंच आपल्या घरीं उचलला पाहिजे.